दह्याच्या डब्यातला निळा उजेड

चैत्रात आमच्या घरात कुणी गोरं नसतं, कुणी काळं नसतं. सगळे पिवळे असतात. हळद पॉलिश करायचं काम निघालं की महिनाभर नाकातून हळद निघते, उशीला हळद लागते, भाकरीलाही तिचा वास येतो. मी हे गाऱ्हाणं म्हणून सांगत नाही. विश्वंभर अण्णांच्या खळ्यावर हे काम आम्हाला दरसाल मिळतं आणि त्यावर घर चालतं.

पॉलिशचा ड्रम म्हणजे जाळीचा मोठा पिंप. ट्रॅक्टरवर तो फिरतो आणि आतली वाळलेली हळद एकमेकींवर घासून चकचकीत होते. आवाज एवढा की शेजारच्या माणसाशी हातवारे करून बोलावं लागतं. माझे वडील सटवाजी पंधरा वर्षं या ड्रमच्या तोंडाशी उभे राहिले. आधी त्यांच्या कानात शिट्टी वाजायची, मग ऐकू कमी यायला लागलं आणि दोन वर्षांपूर्वी कान पारच गेले. वसमतच्या डॉक्टरांनी कानाचं यंत्र दिलं होतं. ते घातलं की डोक्यात पत्रे वाजतात म्हणून बाबांनी ते डबीत ठेवून दिलं, ते अजून डबीतच आहे.

कान जाणं वाईटच, पण ते गेले कुणाचे तर गायन पार्टीच्या म्होरक्याचे. चाळीस वर्षांपूर्वी बाबांनी गावात भीमगीतांची पार्टी उभी केली. गाणी जुळवली, चाली लावल्या आणि मला ढोलकी शिकवली. शिकवली म्हणजे बोटांवर लाकडी पळी मारून शिकवली. पुढे मी पार्टीचा ढोलकीवाला झालो, तरी प्रत्येक कार्यक्रमानंतर घरी येताना टेम्पोत माझी हजेरी घेतली जायची. कुठे हात ढिला पडला, कुठे घाई झाली, सगळं. शाबासकी एकदाही नाही. कान गेल्यावर ते कार्यक्रमाला यायचे थांबले आणि माझी हजेरीही थांबली. बेचाळीस वर्षांच्या बाप्याने असं म्हणू नये, पण ती बोलणी खायला मिळत नाहीत म्हणून मला चुकल्यासारखं व्हायचं.

तर त्या दिवशी ड्रम चालू असताना जयंती मंडळाचा प्रमोद खळ्यावर आला. चांगला पोरगा. त्याने मला बाजूला लिंबाखाली नेलं आणि मान खाली घालूनच बोलला.

"काका, यंदा लाईट पाहिजे. गाण्यावर नाचणारी. ढोलकी वाजली की चमकावं, थांबली की इझावं."

"आपल्याकडं कुठली लाईट, प्रमोद?"

"म्हनून तर सांगून राहिलो. मंडळात समदे म्हनतेत, बाहेरची पार्टी सांगू, लाईटसकट येती. मी थोपवून धरलंय. पर लई दिवस न्हाई धरता येनार."

चाळीस जयंत्यांत आमच्या गावचा स्टेज बाबांच्या पार्टीने कधी सोडला नव्हता. बाहेर कार्यक्रम मिळाले, नाही मिळाले, आम्ही सोसलं. पण चौदा एप्रिलला आपल्याच गावात खाली बसून दुसऱ्याची ढोलकी ऐकायची वेळ आली, तर पार्टी मोडल्यातच जमा होती. मी बाबांकडे पाहिलं. ते चाळणीजवळ उकिडवे बसून हळकुंडं निवडत होते. त्यांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं, आणि त्याचंच मला वाईट वाटलं.

"लाईट व्हईल," मी म्हणालो. "सरिता करंल."

सरिता म्हणजे माझी बायको. ती दहा हातांवर पोतं शिवत होती आणि तिला मी काहीही विचारलेलं नव्हतं.

दुपारी भाकरीला बसल्यावर मी हळूच विषय काढला. सरिताने लग्नाआधी आयटीआयला वायरमनचा कोर्स केलेला आहे. गावातले पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी तिच्याच हाताखालून जातात. मला फ्यूजची तार बदलायची म्हटली तरी घाम येतो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कांदा फोडला.

"मला न इचारता हो म्हनले?"

"म्हनलो."

"बरं केलं. इचारलं असतं तर म्या न्हाई म्हनले असते."

भाड्याच्या लाईटची चौकशी आधी केली. त्या लोकांनी सांगितलेलं भाडं आमच्या बिदागीहून जास्त होतं, म्हणजे खिशातले पैसे घालून गायचं. तेव्हा सरिता रविवारी वसमतला गेली. तिथे देवला नावाचा रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा म्हातारा आहे, तिच्या ओळखीचा. त्याच्याकडून ती निळ्या आणि पांढऱ्या दिव्यांच्या पट्ट्या घेऊन आली आणि बोटाच्या पेराएवढे दोन पुरजे. पुरज्यावर मुगाच्या दाण्याएवढा माईक होता.

"आवाज आला की ह्यो वीज सोडतो, थांबला की तोडतो. एवढंच हाय," ती म्हणाली.

"आन पट्ट्या लावायच्या कशाला?"

"डब्यात. नुस्त्या लावल्या तर डोळ्यात टोचतील. पांढऱ्या डब्यात घातल्या की उजेड फुलतो."

डब्यांसाठी मी गावातल्या डेअरीवर गेलो. लग्नसराईत दह्याचे पाच-पाच किलोचे पांढरे डबे रिकामे होऊन पडतात. डेअरीवाल्याने बारा डबे फुकटच दिले. वर धुऊन दिले. विजेचा प्रश्न होता, कारण स्टेजच्या तारेवर स्पीकरचाच भार मावत नाही. तो विश्वंभर अण्णांनी सोडवला. फवारणीच्या पाठीवरच्या पंपात बॅटरी असते, आणि या दिवसांत फवारणी नसते.

"पंपाच्या बॅटऱ्या नाचवनार व्हय तुमी?" अण्णा हसले. मग स्वतःच घरात जाऊन दोन बॅटऱ्या आणि चार्जर घेऊन आले. "मिरगाच्या आत परत दे, म्हंजे झालं."

 मी बॅटऱ्या दोन्ही हातांनी धरून तिथेच उभा राहिलो. अण्णांनी मला कामाला लागायला सांगितलं.

आमच्या घरात डबे ठेवायला जागा नाही, म्हणून मांडणी खळ्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये केली. ठिबकच्या जुन्या नळ्या वाकवून दोन उभ्या चौकटी बांधल्या आणि एकेकीवर सहा डबे तारेने अडकवले. सहांत तीन निळे, तीन पांढरे. सरिता दुपारच्या सुट्टीत काम करायची. तोंडात तार, कपाळावर घाम, मांडीवर कापलेल्या पट्ट्या. माझी आई, रुक्माबाई, तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन बसायची आणि "शॉक बसंल बाई" एवढंच म्हणत राहायची.

पहिली चाचणी झाली आणि आमची चांगलीच फजिती झाली. डबे आपोआपच लखलखायला लागले. मी ढोलकीला हातही लावलेला नव्हता. बाहेर ड्रम फिरत होता आणि पुरज्याचा माईक त्याचाच आवाज ऐकून नाचत होता. सरिताने बारीक स्क्रू फिरवून तो बहिरा केला, तर ढोलकीही ऐकेना. ड्रम बंद असताना जमवलं, तर आईच्या खोकल्यावर बारा डबे पेटले.

"स्टेजवर जनरेटर राहनार, शिट्ट्या राहनार, पोरं वरडनार," सरिता म्हणाली. "ह्ये समद्याचंच ऐकतंय. ह्याला फकस्त ढोलकी ऐकू आली पाहिजे."

दोन दिवस ती तो स्क्रूच फिरवत राहिली. मी प्रमोदला चुकवत होतो. तिसऱ्या दिवशी तिने घरातलं बंद पडलेलं गजराचं घड्याळ फोडलं आणि आतून रुपयाएवढी पितळी चकती काढली.

"गजर हिच्यातूनच वाजतो. वीज दिली की ही थरथरती. मंग हिला थरथरवली तर वीज देनार न्हाई का?"

तिने पुरज्यावरचा माईक काढला, त्या जागी चकतीच्या तारा जोडल्या आणि चकती पंक्चरच्या सोल्युशनने ढोलकीच्या खोडाला चिकटवली, जाड आवाजाच्या तोंडाजवळ. दुसरी चकती देवलाने येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाठवली, पैसे नकोत म्हणून निरोपही पाठवला. ती बारीक आवाजाच्या तोंडाजवळ लागली. मग सरिता म्हणाली, "आता वाजवा. ड्रम चालू राहू द्या."

मी जाड बाजूवर थाप दिली. निळे डबे पेटले आणि विझले. बारीक बाजूवर बोट मारलं. पांढरे पेटले. ड्रम तिकडे गरजत होता, आई खोकत होती, ट्रॅक्टर धूर सोडत होता आणि डब्यांना त्याचं काही देणंघेणं नव्हतं. मी ठेका धरला तसा निळा-पांढरा उजेड पत्र्यावर पळायला लागला. हातातून काय निघतं ते मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. सरिता कमरेवर हात ठेवून हसत होती. त्या क्षणी मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. आई समोर होती म्हणून राहिलो.

भरात येऊन मी बाबांचं पाणवठ्याचं गाणं वाजवायला घेतलं. त्यांनी स्वतः जुळवलेलं, पार्टीचं सगळ्यात जुनं गाणं. मान वर केली तर शेडच्या दारात बाबा उभे होते. हातात हळदीचं घमेलं. ते डब्यांकडे पाहत होते. गाणं संपेपर्यंत हलले नाहीत. मग घमेलं घेऊन निघून गेले.

"वाईट वाटलं जनू त्यायला," मी म्हणालो. "आपल्याला ऐकू येत न्हाई, आन ह्ये इथं..."

"तुमी ढोलकीकडं पाहत व्हते," सरिता म्हणाली. "मामांचा पाय म्या पाह्यला. ठेका धरला व्हता पायानं."

माझा विश्वास बसला नाही.

तेरा तारखेला दुपारी प्रमोद लाईट बघायला आला. आम्ही ऐटीत बॅटरी जोडली. मी थाप दिली आणि डबे हिरवे झाले. पुन्हा दिली, पुन्हा हिरवे. बारीक बाजूला पांढऱ्याऐवजी पिवळे.

"काका, निळा कुठाय?" प्रमोदने हळूच विचारलं.

बारा दिवस डबे पॉलिशच्या शेडमध्ये टांगून ठेवले होते. हळदीची बारीक धूळ त्यांच्यावर रोज बसत होती आणि आमचे पिवळे हातही रोज लागत होते. एकालाही ते दिसलं नाही, कारण आमच्या डोळ्यांना महिनाभर सगळंच तसं दिसतं. डबे पार पिवळे झाले होते आणि निळा उजेड त्यातून हिरवा होऊन बाहेर पडत होता. जयंतीला निळा नाही म्हणजे काय, हे प्रमोदला बोलून दाखवायची गरज नव्हती.

"उद्या पाच वाजेस्तोवर मी कुनाला काही सांगत न्हाई," एवढंच म्हणून तो गेला. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

आईला राहवलं नाही. आम्ही पट्ट्या काढून ठेवतो न ठेवतो तोवर तिने डबे घरी नेऊन हौदावर मांडले आणि धुण्याचा सोडा घालून घसाघसा घासले. मी घरी आलो तेव्हा ती डोक्याला हात लावून बसली होती. बारा डबे लालभडक. चाळीस वर्षं हळदीतली लुगडी धुणारी बाई, हळदीला सोडा लागला की काय होतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार. घाईत तेच विसरली.

"हळदीचं कुंकू केलं म्या," ती म्हणाली. "माह्याच हातानं पार्टी बुडवली."

सरिता तिच्या शेजारी बसली. "आत्याबाई, नका रडू. काहीतरी करू."

तिने एक डबा पुन्हा पाण्यात बुचकळून पाहिला, लाल तसाच. तेवढ्यात बाबा बाहेरून आले. त्यांनी एक डबा उचलला, बोटाने घासून पाहिला, आईच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. ते परत बाहेर गेले आणि शेजारच्या झाडाची लिंबं घेऊन आले. एक लिंबू चिरून डब्यावर फिरवलं. लाल डाग परत पिवळा झाला.

"हितवर लिंबू," बाबा मोठ्याने म्हणाले. कान गेल्यापासून ते ओरडूनच बोलतात. "आता फुडं ऊन. हळदीचा डाग उन्हात मरतो. ईसरले का समदे?"

विसरलोच होतो. हळद वाळली की आम्ही जन्मभर तिच्यावर लगेच ताडपत्री टाकत आलो, ती एवढ्यासाठीच की उन्हाने तिचा रंग उडू नये.

चौदाला सकाळी आभाळ भरून आलं. हे म्हणजे फारच झालं. सकाळची वंदना झाली, निळा झेंडा वर गेला आणि मी वर बघतच राहिलो. विश्वंभर अण्णांची अर्धी हळद खळ्यावर उघडी होती. चौदाला आम्ही कामाला जात नाही आणि अण्णाही बोलावत नाहीत. पण पांढऱ्या कपड्यांवरच मी आणि सरिता पळत गेलो, ताडपत्र्या ओढल्या, कडेला दगड ठेवले. चार थेंब पडले आणि थांबले. अण्णांनी आमच्या कपड्यांकडे पाहिलं.

"आज यायला नको व्हतं तुमी."

"बॅटऱ्या दिल्या तुमी, अण्णा."

"मंग डबे बी आना. खळ्याला दिवसभर ऊन ऱ्हातं. तुमच्या आळीत सावलीच लई."

दहाला ऊन पडलं. बाबांनी बारा डबे खळ्याच्या सिमेंटवर ओळीने पालथे मांडले आणि शेजारी बसले. अर्ध्या अर्ध्या तासाने ते उठत, एकेक डबा फिरवत, पिवळी बाजू उन्हाकडे करत. डोक्याला टॉवेल, पायाखाली तापलेलं सिमेंट. मी म्हणालो, तुम्ही घरी जा, मी बसतो. त्यांनी ऐकलं नाही, म्हणजे ऐकू आलंच नाही, आणि खुणा केल्या तरी मान फिरवली. आईने भाकरी तिथेच आणून दिली. अडीच-तीनला डबे पांढरे झाले. दोन-तीन डब्यांच्या तळाशी पिवळसर झाक राहिली, ती बाबांनी मागच्या बाजूला करायला सांगितली.

पाचाच्या आत प्रमोद आला. बाबांनी स्वतः त्याला एक डबा उचलून दाखवला.

दिवस मावळला आणि आम्ही स्टेजवर बसलो. पेटीवर भीमराज, गायला माझी चुलत बहीण निता, ढोलकीवर मी. दोन्ही बाजूला ठिबकच्या नळ्यांच्या चौकटी. सरिता स्टेजमागे बॅटऱ्यांजवळ. समोर सगळं गाव बसलेलं, मागे विश्वंभर अण्णा आणि डेअरीवालाही उभे होते. आणि पहिल्या सतरंजीवर, आईच्या शेजारी, बाबा. दोन वर्षांनी.

पहिल्या थापेला निळा पेटला. खराखुरा निळा. गावातून एक मोठा आवाज उठला आणि त्या आवाजाने एकही डबा हलला नाही. जनरेटर धडधडत होता, पोरं शिट्ट्या मारत होती आणि डबे मात्र माझ्या हातांचंच ऐकत होते. निताचा आवाज त्या दिवशी असा लागला की मलाच भरून येत होतं. प्रमोद स्टेजखाली उभा राहून मंडळातल्या एकेकाच्या पाठीवर थापा मारत होता.

शेवटी पाणवठ्याचं गाणं घेतलं. तिसऱ्या कडव्याला मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, निताच्या ओठांकडे आणि मग डब्यांकडे बघत होते, आणि त्यांचा हात मांडीवर पडत होता. ठेक्यात. एकेक थाप बरोबर. ते पाहून माझा हात जरा अडखळला. लगेच सावरलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. भीमराजच्याही नाही. गाणं संपलं, लोक उठून उभे राहिले, प्रमोद माईकवर येऊन पुढच्या सालचीही पार्टी हीच असं बोलून गेला. मी समोर हात जोडले ते बराच वेळ सोडले नाहीत.

मंडळी पांगायला लागली तसे बाबा आईचा हात धरून स्टेजवर चढले. आधी ते सरिताजवळ गेले. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभे राहिले. सरिताने पदर डोळ्यांना लावला. मग ते माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता माझ्याही डोक्यावर हात येणार.

"तिसऱ्या कडव्यात काय झालतं तुला?" ते ओरडले. सगळ्या स्टेजने वळून पाहिलं. "दोन थापा खाल्ल्या. निळा आलाच न्हाई. ध्यान कुठं व्हतं?"

मी मान खाली घातली. दोन वर्षांनी माझी हजेरी घेतली जात होती, चारचौघांत, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भीमराजला वाटलं मला लागलं. तो बाबांना खुणेने म्हणाला, जाऊ द्या, आज नको.

"जाऊ कसं देऊ?" बाबा म्हणाले. "उद्या सकाळी ढोलकी घेऊन माझ्यासमोर बस. डबे लाव." मग सरिताकडे वळून म्हणाले, "बाई, बॅटरी चार्जिंगला लाव. सकाळी लागंल."

घरी गेल्यावर जेवणाआधी बॅटरी मीच लावली.